पदकाची कड

बेळगावच्या कॅम्पात एक लहानसं दुकान आहे. पाटीवर दुकानाचं नाव नाही, फक्त 'मेडल, रिबन, बॅज, फ्रेम' एवढंच रंगवलंय. मी कोल्हापूरहून तिथे दोनदा जाऊन आले, एकदा पणजोबांची पदकं द्यायला आणि एकदा आणायला. पहिल्या महायुद्धातली पदकं ज्यांच्या घरी एखाद्या डब्यात पडून असतील, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बत्तीस वर्षं मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर-पोलकी, बाळंतविड्याची झबली, सगळं. लाकूडकामातलं मला फार कळत नाही, पण टाका कळतो. त्यामुळे दुकानात गेल्यावर मी आधी काउंटरच्या काचेखाली लावलेल्या तयार पदकांची शिलाई बघितली. रिबिनीच्या घडीवर दोरा कुठेच दिसत नव्हता. मग पिशवी उघडली.

आमच्याकडे तीन पदकं. एक ब्राँझचा तारा, त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी आणि मधल्या पट्टीवर १९१४-१५. दुसरं चांदीचं गोल, एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा माणूस. तिसरं ब्राँझचंच, त्यावर पंख असलेली बाई उभी आहे. माझ्या आजीनं, म्हणजे पणजोबांच्या सुनेनं, ही तिन्ही दंतमंजनाच्या पत्र्याच्या डब्यात घालून देव्हाऱ्याखाली ठेवली होती. दसऱ्याला तलवार-कोयत्यांबरोबर पाटावर मांडायची. पंखवाल्या बाईला ती देवी समजायची आणि न चुकता हळदकुंकू लावायची. "मामंजींना हिनं परत आणलं," म्हणायची.

पणजोबांना सगळं गाव 'बसऱ्याचे आबा' म्हणायचं. पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीतलं आमचं गाव. त्यांच्याआधी आमच्या भावकीतला कुणी कराडच्या बाजाराच्या पलीकडे गेलेला नव्हता. हे पहिले. भात, नाचणी जेमतेम सहा महिने पुरायची आणि सिपायाचा पगार होता महिना अकरा रुपये. त्या अकरा रुपयांसाठी ते घाट उतरून गेले. त्यांच्यामागून आजवर आमच्या घरातले अकरा जण पलटणीत गेले, माझा थोरला चुलता आणि धाकटा भाऊ धरून. वाट पाडली ती यांनी.

आता दुकानाकडे येते, कारण पणजोबांची पलटण कुठली हे मला नीट कळलं ते त्या काउंटरवर.

दुकानदार काका साठीच्या पुढचे, तिसऱ्या पिढीतले. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य जवानांच्या रिबिनी शिवण्यात गेलं. त्यांनी पदकं हातात घेतली आणि समोरची बाजू बघितलीच नाही. भिंग लावून थेट कड बघितली. मी विचारलं, "काका, काय बघताय?" म्हणाले, "ताई, माणूस कडेवर असतो. समोर राजा असतो."

गोल पदकांच्या कडेवर, रुपयाच्या नाण्याला खाचा असतात ना तिथे, पदक कुणाचं ते ठोकलेलं असतं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं इंग्रजी अक्षरांत. ताऱ्याला कड नसते म्हणून त्याच्या पाठीवर. चाळीस-पन्नास वर्षं ही पदकं आमच्या डोळ्यांसमोर होती, पण कड वाचायची असते हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. काकांनी वाचून दाखवलं: सिपाही, पणजोबांचं नाव, आडनावातलं एक अक्षर गाळून, आणि पुढे ११० मराठा लाइट इन्फंट्री. बाबा नेहमी "१०५ असावी" म्हणायचे. ते गेले तेव्हा हे माहीत नव्हतं.

मात्र चांदीच्या पदकाची कड काकांना पुरती वाचता येईना. नंबरातले पहिले दोन आकडे गायब, हुद्द्याचं पहिलं अक्षर पुसट. त्याला आम्हीच कारण. सात-आठ वर्षांपूर्वी घरातल्या लग्नाच्या वेळी चांदीची भांडी उजळायला दिली, त्यांत आईनं हे पदकही दिलं. उजळणाऱ्यानं मशीनवर धरून लखलखीत करून दिलं. सगळ्यांना आनंद झाला. त्या चकाकीत पणजोबांचे दोन आकडे गेले. काकांनी ताऱ्याची पाठ उलटून दाखवली, तिथे तोच नंबर पूर्ण होता, म्हणून निभावलं. तारा काळपट, कुरूप दिसतो म्हणून कुणी उजळायला दिला नव्हता, त्यामुळे तो वाचला. मला दुकानातच रडू आलं. काकांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "चांदी तरी शाबूत आहे ताई, लोकांनी वितळवलीत." जवळपास तीन तोळ्यांचा तो ऐवज. आमच्याही घरात एका वाईट वर्षी आजीच्या जोडव्यांबरोबर तो सोनाराकडे जाता जाता राहिला होता, हे मला ठाऊक आहे.

११० हा आकडा कळला आणि आजीच्या सगळ्या गोष्टी एकदम जागेवर बसल्या. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. ती १९१४ च्या नोव्हेंबरात इराकात उतरली, तेव्हा त्या मुलखाला मेसोपोटेमिया म्हणत. बसरा घेतलं, १९१५ च्या एप्रिलमध्ये शैबाची लढाई झाली, मग तैग्रीस नदीच्या काठाकाठानं वर सरकत सप्टेंबरअखेर कूत हे नदीकाठचं गाव घेतलं. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांशी गाठ पडली आणि तिथून मागे फिरावं लागलं. आबा म्हणायचे, मैदानात एकटीच एक विटांची कमान उभी होती, आपलं देऊळ पारासकट आत मावेल एवढी. आजीला ती थाप वाटायची. माझ्या भाच्यानं मोबाइलवर टेसिफोनच्या कमानीचा फोटो काढून दाखवला तेव्हा आई नुसती बघत राहिली. जुन्या इराणी बादशहांच्या राजवाड्याची ती कमान आजही उभी आहे.

मागे फिरून पलटणी कूतच्या नदीच्या वळणात शिरल्या आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढा घातला. जवळपास पाच महिने. आपल्या फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड आत, सोडवायला आलेल्या फौजा बाहेर चिखलात अडकलेल्या. धान्य संपत आलं. घोडे आणि खेचरं कापायला लागले. हिंदुस्थानी सिपाही ते मांस खायला तयार होईनात. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी फार उशिरापर्यंत बहुतेकांनी तोंडाला लावलं नाही. शेवटी शेवटी मूठभर जवाचं पीठ. आबांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, दात तिथेच पडले. घरी परतले तेव्हा वयाच्या तिशीतही नव्हते आणि पुढचे चार दात नव्हते.

आजीच्या गोष्टींतली एक आम्ही पोरं परत परत सांगायला लावायचो. आभाळातून पिठाचं पोतं पडलं आणि पडलं ते नदीत. आम्हाला ती परीकथाच वाटे. ते खरं आहे. १९१६ च्या एप्रिलमध्ये विमानांतून कूतवर धान्याची पोती टाकली होती आणि त्यातली काही तैग्रीसमध्ये पडली. वेढ्यातल्या माणसांना विमानातून रसद पोचवायचा जगातला अगदी पहिल्यापैकी प्रयत्न तो. आमच्या पाटणच्या डोंगरातला माणूस काठावर उभा राहून ते पोतं बुडताना बघत होता.

२९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. पुढचं आबा कुणालाच सांगत नसत. बगदाद, मोसूल, आणि पुढे वाळवंट तुडवत रास अल ऐन, जिथे कैद्यांना रेल्वेच्या कामावर जुंपलं, एवढंच आजीला ऐकून माहीत होतं. 'रासलीन' म्हणायची ती त्या गावाला, आम्हाला वाटायचं रासलीलेचं काही आहे. १९१९ मध्ये परत आले. त्यानंतर मरेपर्यंत त्यांची एक सवय होती. रात्री उठायचे, अंधारात कणगीजवळ जायचे, आत कोपरापर्यंत हात घालून धान्य चाचपायचे आणि परत येऊन निजायचे. सुगी भरल्या घरातही. आजी नवी सून होती तेव्हा चोर समजून ओरडली होती.

गावातला त्यांचा जोडीदार, एकाच दिवशी भरती झालेला, परतला नाही. भाच्यानं कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधलं. तिथे शोधायला पैसे लागत नाहीत, नाव, पलटण, वर्ष टाकलं की यादी येते. त्याची नोंद बसरा स्मारकावर सापडली. ते स्मारक १९२९ मध्ये उभं राहिलं, चाळीस हजारांवर माणसांची आठवण म्हणून. १९९७ मध्ये ते उचलून बसऱ्याबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटर दूर नेलं. पण त्या दगडावर त्याचं नाव नाही. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि आमच्या साध्या सिपायांच्या जागी पलटणीखाली 'आणि इतर इतके' म्हणून आकडा. नावं कागदाच्या वहीत राहिली. हा भेद झाला हे आयोगानं स्वतः २०२१ मध्ये कबूल केलं. आपल्याकडच्या गावांत ज्या संगमरवरी पाट्या आहेत त्यांवरही तेच: या गावातून इतके गेले, इतके मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीचे सेहेचाळीस जण त्या युद्धात मेले, त्यांचं स्मारक गावात आहे, ते बघून आले आहे मी.

म्हणून काकांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. साध्या सिपायाचं नाव सरकारनं धातूत ठोकलं ते या कडेवर. त्याच्यासाठी दगड नव्हता, कड होती. आणि ती आपणच घासून टाकतो.

आता कामाचं. काकांनी पदकं उजळायला साफ नकार दिला. मी म्हटलं असतं तरी त्यांनी उजळली नसती. मऊ ब्रशनं धूळ काढली, सुती कापडानं पुसली, बस्स. पंखवाल्या बाईच्या पायाशी आजीच्या कुंकवाचा थर खाचेत बसलाय. त्यांनी विचारलं, "हे काढू का?" क्षणभर मला काही सुचेना. चाळीस वर्षांचे दसरे त्यात होते. "राहू दे," म्हटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, 'कुंकू काढू नये', आणि परत मिळालं तेव्हा ते होतं तस्सं होतं. या एका गोष्टीसाठी मी या दुकानाला बाकी सगळं माफ करते.

रिबिनी जुन्या उरलेल्याच नव्हत्या, दोन धागे तेवढे ताऱ्याच्या कडीत अडकलेले. नव्या लावल्या, पण ते दोन धागे फेकले नाहीत, छोट्या कागदी पुडीत घालून दिले. नव्या रिबिनी मी घरी टेपनं मोजल्या. तारा आणि चांदीचं पदक यांच्या सव्वा इंची, पंखवालीची त्याहून रुंद, दीड इंचाच्या वर. हे मापाला बरोबर आहे, सगळ्याच ठिकाणी पाळत नाहीत, एकाच थानातून कापतात. रंगही नीट. चांदीच्या पदकाला मध्ये रुंद नारिंगी पट्टा, बाजूला पांढरा, काळा, मग निळा. पंखवालीची इंद्रधनुष्यासारखी, मध्ये लाल आणि दोन्ही कडांना जांभळी. रेशीम पाणीदार आहे, उजेडात हलवलं की लाट दिसते. तुरपाई हातची, टाके इतके बारीक की उलट बाजूनंही मोजताना मला चष्मा पुसावा लागला. ताऱ्याच्या घडीत मात्र एक बारीक चुणी राहिलीय. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, मला दिसते.

पदकं लावायच्या दोन पद्धती काकांनी समजावल्या. एकात ती दांडीला लोंबती राहतात, चालताना किणकिणतात. दुसऱ्यात मागे ताठ पाठ देऊन रिबिनीवरच ती बसवतात, हलत नाहीत. लोंबत्या पदकांच्या कडा वर्षानुवर्षं एकमेकींवर आपटून झिजतात, म्हणून मी दुसरी घेतली. कुणी संचलनात किंवा हुतात्मा दिनाला छातीवर लावणार असेल (पूर्वजांची पदकं उजव्या छातीवर लावतात, डाव्या बाजूला ज्याची त्यानं मिळवलेली) तरी हीच घ्या.

फ्रेम सागवानी, खोल पेटीसारखी, म्हणजे काच पदकांना टेकत नाही. मागची फळी खिळ्यांनी ठोकलेली नाही, पितळी अडकवण आहे. पदकं बाहेर काढून कड वाचता यावी म्हणून मी तसं मागून घेतलं. आणि एक गोष्ट मी मागितली नव्हती. काकांनी दोन्ही गोल पदकांच्या कडेभोवती पातळ कागद गुंडाळून त्यावर शिसपेन्सिल घासली आणि ठसा घेतला. काळ्यात पांढरी अक्षरं. कडेचा सगळा घेर जेमतेम सव्वाअकरा सेंटिमीटरचा, तेवढीच ती पट्टी. ताऱ्याच्या पाठीचाही तसाच ठसा घेतला. तिन्ही पट्ट्या फ्रेममध्ये आपापल्या पदकाखाली लावल्यात. चांदीच्या पदकाच्या पट्टीवर सुरुवातीला दोन आकड्यांची जागा कोरी आहे. ती तशीच ठेवली त्यांनी, हातानं भरली नाही. तेही मला पटलं.

खर्च सांगते. तिन्ही पदकांची शिलाई नव्या रिबिनींसकट ९०० रुपये, फ्रेम २,६००. एकूण साडेतीन हजार. महाग वाटेल, पण एवढ्या हातकामाला मी स्वतः यापेक्षा कमी घेतलं नसतं.

ज्या गोष्टी खटकल्या त्याही सांगायला हव्यात. पंधरा दिवस सांगून अडतीस लागले. मधे दोनदा फोन केला, उचलला नाही. पावती म्हणून वहीच्या पानाचा तुकडा मिळतो, त्यावर शिक्का नाही. शंभर वर्षांची वस्तू अशा तुकड्यावर सोडून यायची म्हणजे जीव टांगणीला लागतो. मी त्यांच्यासमोरच तिन्ही पदकांचे दोन्ही बाजूंनी आणि कडेचे फोटो काढले, वहीत नंबर लिहून घेतला, खाली त्यांची सही घेतली. ते अजिबात रागावले नाहीत, उलट भिंग धरून उभे राहिले. आणि काच साधी आहे, ऊन अडवणारी नाही. रेशमाचा रंग उन्हानं उडतो, म्हणून आम्ही फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवर न लावता आतल्या खोलीत, देव्हाऱ्याच्या बाजूला लावली आहे.

गावी भावाच्या घरी ती लावली त्या संध्याकाळी भाच्याची सहा वर्षांची मुलगी स्टुलावर चढून पट्टी वाचत होती. इंग्रजी अक्षरं नुकतीच शिकलीय. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत आडनावापर्यंत आली आणि थांबली. "आत्या, इथे एक अक्षर चुकलंय." चुकलंय खरं. आई आतून म्हणाली, "असू दे, वाच पुढं."

जाणार असाल तर सोमवारी दुकान बंद असतं, दुपारी एक ते चारही बंद. पैसे रोख न्या. पदकं एकाच रुमालात बांधून नेऊ नका, मी नेली होती आणि कोल्हापूर ते बेळगाव एसटीत ती एकमेकींवर घासत राहिली. प्रत्येक वेगळ्या जुन्या सुती कापडात गुंडाळा, धुऊन मऊ झालेल्या. पोचल्यावर आधी कड वाचून घ्या.